जॅकखालचा पाट

पाट ओढल्याचा खरकन आवाज झाला आणि सासूबाईंची दुपारची डुलकी मोडली. “अगं, माझ्या लेकाच्या जेवणाचा पाट हाय त्यो!” “त्यांच्याच जीपखाली घालायलेय, आत्याबाई.” दुष्काळात भाडी मिळेनात म्हणून नवरा चार वर्षांपूर्वी सौदीला गेलेला. नव्या लातूर जिल्ह्याच्या पत्त्यावर त्यानं लिहिलं होतं, ‘उभ्या गाडीचे टायर बसतात, चाकं उचलून ठेव.’ भेगाळल्या अंगणात नुसता जॅक खचला असता. सुनेनं गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना दगडाची उटी लावली, पाटावर जॅक ठेवला, पत्र्याला न लावता चाकं जोडणाऱ्या ॲक्सलच्या दांड्याखाली टेकवला. जीप अलगद वर आली, तसा पुटपुटत आलेल्या सासूबाईंनीच काठीनं टेकूचा दगड ॲक्सलखाली सरकवला. “ओरखडासुद्धा न्हाई. गेले तव्हा होती तशीच हाय,” सून हसली. बापानं शेवटची पाळण्यात पाहिलेली लेक उंबऱ्यावरून बघत होती. “आई, जीप तर बाबा ओळखतील. आन् मला?”