जांभळ्या बॅटरीचा उजेड

भर दुपारी धान्याच्या खोलीचं दार लोटून आकांक्षाने जांभळ्या उजेडाची बॅटरी पेटवली, आणि तिच्या हातातल्या कुपीतलं पाणी निळंशार चमकलं.

सूर्यभान पोत्यावर सरसावून बसले. लेक अमरावतीच्या प्रयोगशाळेत काय करते असं हिवरखेडात कोणी विचारलं, की ‘मोठं शिक्षण’ म्हणून ते वेळ मारून नेत.

"संत्र्याच्या सालटापासून केलं हे, बाबा. यातले बारीक कण कॅन्सरच्या पेशीले चिकटतात अन् चमकतात. गाठ येयाच्या आधीच समजते."

"म्हंजे चमकलं तं कॅन्सर?"

"हो. पण आमी काचेच्या बशीतल्या पेशीवर पाहून राहिलो. माणसावर नाही अजून."

हे शेवटचं कोणी मनावर घेतलं नाही. दाराशी उभ्या असलेल्या आईने, गोदाबाईंनी, हात पुढे केला. "मले दे बरं ते."

बॅटरी घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. आईला खेळणं सापडलं, असं आकांक्षाला वाटलं. थोड्या वेळाने त्या आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"आकांक्षा, आरशात पाह्यलं, माह्या तोंडात चमकते."

सूर्यभान उठले, पुन्हा बसले. आकांक्षाला काही कळेना. कुपी तर तिच्याच हातात, बूच लावलेली. कण तोंडात गेलेच नाहीत, तर चमकणार काय? तरी तिने आईच्या तोंडात बॅटरी धरली. डाव्या गालाच्या आत, तंबाखूची चिमूट धरायच्या जागी, हिरवट-पिवळा उजेड. शिकलेलं एक अक्षर आठवेना.

मग तिला वास आला. तूप आणि हळद.

ती धावत आत गेली. मसाल्याच्या डब्यावर बॅटरी धरली, तर हळदीची वाटीच्या वाटी उजळली. ओल्या फडक्याने तिने आईचा गाल आतून पुसून काढला. उजेड गेला.

"हळद हाये, बाबा! या बॅटरीत हळदच चमकते!"

"लय भेव दाखवलं बुवा तुह्या मायनं!" सूर्यभान पोट धरून हसले. आकांक्षाने हसत हसतच आईच्या गळ्यात हात टाकले, आणि मध्येच थांबली.

"पण आई, तोंडात हळद काहून लावली होती?"

"पांढरा चट्टा हाये लहानसा. दुखत नाही, म्हून कोणाले सांगतलं नाही. पोयापासून लावून राहिली."

पोळा कधीच झाला होता, आता होळी जवळ आली होती. आकांक्षाने मोबाइलचा साधा, पांढरा उजेड लावला. "आ कर."

तिने पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

गोदाबाईंनी तोंड मिटलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"विझलं ना आता ते? मंग तू रडून काहून राहिली?"