प्रत्येक लिंक

पवनीच्या रीना मॅडमचा चेहरा लावून कुणीतरी एक घाणेरडा बनावट व्हिडिओ पसरवला आणि वर्गातली पोरं तिला पाहून खिदळू लागली. रीना थेट कोर्टात गेली. कोर्टाने सोशल मीडिया कंपनीला तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं, पण प्रत्येक लिंक रीनानेच शोधून द्यायची होती.

दोन दिवस ती घाण पुन्हा पुन्हा पाहून तिला चारच लिंका सापडल्या. शेवटी संतापून तिने घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "कोणाजवळ लिंक असेल तर पाठवा."

नवरा तणतणत आत आला.

"ग्रुपवर काहून मागून राहिली? लाज नाही वाटत तुले?"



मग आवाज खाली आणून म्हणाला, "माह्याजवळ अकरा हायेत."