वैनी

दिग्गीच्या कड्यावरून आपल्या मित्राला, झिलूला, प्रशांतनंच ढकललं होतं. विद्यापीठातल्या त्यांच्या बंडखोर अंकासाठी त्याला खरा मृत्यू लिहायचा होता. पोलिसांना मात्र त्यानं सांगितलं, मी रामनगरला होतो. कथा गाजली. पडणारा शेवटी 'वैनी' म्हणून का ओरडतो, यावर प्राध्यापकांनी तास रंगवले. आज अंक घेऊन तो झिलूच्या आईसमोर बसला होता. "वाच की बाबा," ती म्हणाली. त्यानं वाचलं, चवीनं. 'वैनी'पाशी तिचे तांदूळ निवडणारे हात थांबले. "वैनी म्हंजे मीच. दीर मला वैनी म्हणायचे, म्हणून झिलू बी तेच म्हणायचा. लोकांत लाजून आई म्हणायचा." तिनं सूप खाली ठेवलं. "तू तर तिथं न्हवतास न्हवं?" प्रशांतच्या अंगावर काटा आला. इतका नेमका शेवट! त्यानं घाईनं पेन उघडलं. "हेच पुन्हा एकदा म्हणा, काकी. सावकाश."