तेवीस नंबरचा हात

नव्या क्रीमची चाचणी होती. तीस जणींच्या हातावर लावलेली क्रीमची पट्टी काल काढली होती. आज कातडीवर काही उठलंय का, एवढंच मला बघायचं होतं. क्रीमच्या नोंदणीचे कागद आजच पाठवायचे म्हणून साहेब सकाळपासून तीनदा डोकावून गेले होते.

तेवीस नंबरच्या मावशी शिवणकाम करायच्या आणि चार पैसे मिळतात म्हणून प्रत्येक चाचणीला हमखास यायच्या. हात पुढे करून म्हणाल्या, "काही नाही ताई, अगदी स्वच्छ आहे."

खरंच स्वच्छ होता, जरा जास्तच. मी ओला कापूस फिरवला, तर कापसाला गव्हाळ रंग लागला आणि खालून लालभडक चट्टा दिसला.

"हे काय फासलंत मावशी?"

"तुमचंच आहे. मागच्या चाचणीला तुम्हीच दिलेली डबी." मग आवाज एकदम खाली आला. "नाव कापू नका ताई. जिला उठतं, तिला तुम्ही परत बोलवत नाही."

मी रकान्यात 'काही त्रास नाही' असं लिहिलं. "उपकार झाले," म्हणत त्यांनी बाही खाली ओढली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्या मागच्या डबीचा अहवाल पुरा करायला बसले. शेवटचा प्रश्न होता, 'डाग कितपत झाकले जातात?'

मी लिहिलं, 'पूर्णपणे. स्वतः तपासून पाहिलं आहे.'