पाच अहवाल

नव्या तलावाचं पाणी लॅबमधल्या पाच जणांनी एकमेकांना न विचारता तपासायचं होतं. सगळ्यात नवखीला त्यात शिसं सापडलं, मर्यादेच्या नऊपट. चारदा तपासलं तरी आकडा हलेना. बाकीचे चौघे मुरलेले, आणि त्यांच्यातल्या कुणीही ब्र काढला नव्हता. आपलाच हात कच्चा, असं मनाशी धरून तिने अहवालात 'निर्धोक' लिहून टाकलं.

पाचही अहवाल जुळले. सरांनी पाणी सोडायला सांगितलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "नळाला नवं पाणी आलंय गं. काय गोड लागतंय."

तिने फोन ठेवला. आपली चूक कुणाच्या नजरेला पडायला नको, म्हणून तिने आकड्याचा कागद चुरगळून कचऱ्याच्या टोपलीत खोल दडपला.

तळाशी हाताला आणखी चार बोळे लागले. चार वेगळी अक्षरं, आकडा तोच.