आतल्या बाजूचं भोक

मुलांनो, जरा एक मूठ आवळा पाहू. घट्ट. त्या मुठीत एक बारीक खिळा आहे असं समजा. खुर्चीच्या गादीवर कापड ठोकायला वापरतात, तसला. समोर भिंतीला टेकून एक सायकल उभी आहे. आसपास कुणी नाही. आणि ती ज्याची आहे, त्याचा तुम्हाला इतका राग आलाय की कानाच्या पाळ्या तापल्यात. जमलं? मग आता तुम्ही या गोष्टीतली मुलगी झालात, ठिणगी.

ठिणगीने तो खिळा सायकलच्या पुढच्या चाकात खुपसला. टायरच्या खाचेत, कुणाला दिसू नये असा. वरून चपलेच्या टाचेने दाबला. हवा एकदम जाणार नव्हती, हळूहळू जाणार होती. तिला तेच हवं होतं.

"बस आता अर्ध्या वाटेत," ती पुटपुटली. "माझ्यासारखा."

सायकल होती भोंग्याची. हा तिचा मावसभाऊ. घसा असा, की तो माडीवर शिंकला तर खालचे दचकत. काल शाळेच्या सायकल-संघासाठी मुलींची निवड झाली. ठिणगीचं चाक हवा जाऊन वाटेतच बसलं. ती सायकल ढकलत पोचली तेव्हा सर शिट्टी खिशात घालून निघाले होते. आज मुलांची निवड होती.

तिचं चाक असं सारखंच बसायचं. दर वेळी भोंगाच ठिगळ लावून द्यायचा आणि वर म्हणायचा, "तुझ्या चाकाला दमा झालाय गं, त्याला वाफ दे!" रस्त्यावर ना काच, ना काटा. मग भोक पाडत होतं कोण? ठिगळ लावणारा हातच भोकही पाडत असणार. ठिणगीने ठरवूनच टाकलं होतं.

पण नुसत्या खिळ्याने तिचं समाधान होईना. त्याचा खोटेपणा तिला त्याच्या आईसमोर उघडा पाडायचा होता. आपल्या सायकलचं पुढचं चाक सोडवून ती खालच्या खोलीत शिरली. तिथे मावशी तोंडात खिळे धरून एका खुर्चीची गादी बसवत होती.

"मावशी, तुझ्या लाडक्याने माझी ट्यूब टोचलीय. आज पुरावाच दाखवते."

मावशीने तोंडातले खिळे वाटीत काढले. "दाखव. खरं निघालं तर त्याचा कान मी पिळते."

ठिणगीने ट्यूब बाहेर ओढली, तिच्यात हवा भरली आणि बादलीतल्या पाण्यात दाबली. बुडबुडे आले. "हे बघ! हे बघ!" तिने त्या जागी खडूने फुली मारली.

"आता ट्यूब चाकावर धर," मावशी म्हणाली. "व्हॉल्व्ह त्याच्या भोकात घाल, म्हणजे नेमकं कुठे टोचलंय ते कळेल."

ठिणगीने ट्यूब धरली. फुली टायरच्या बाजूला यायला हवी होती. ती आली आतल्या बाजूला, रिमकडे तोंड करून. ट्यूबला पीळ पडला असेल म्हणून तिने पुन्हा लावून पाहिली. फुली तिथेच.

"बाहेरून टोचलं तर टायर फोडून यावं लागेल ना?" मावशी म्हणाली. "हे आतून आलंय. आणि ती जुनी ठिगळं बघ."

तीही सगळी आतल्या बाजूलाच होती. भोंग्याने ती लावली होती, ठिणगीने शेजारी उभं राहून पाहिली होती, आणि दोघांपैकी एकानेही रिममध्ये डोकावून पाहिलं नव्हतं.

"रिमवर बोट फिरव. हळू."

रिमच्या आतली रबरी पट्टी वाळून तडकली होती आणि एका बाजूला सरकली होती. फुलीसमोरच एका स्पोकचं टोक उघडं पडलं होतं. ठिणगीच्या बोटावर ओरखडा उठला.

"हवा भरली की ट्यूब त्या टोकावर दाबली जाते," मावशी म्हणाली. "पट्टी बदलली नाही तर ठिगळं लावून काय होणार? ते चावतच राहणार."

तिने टोक कानशीने घासून गुळगुळीत केलं. गादीखाली लावायच्या सुती पट्ट्यातून एक लांब तुकडा कापला. "हा कडेवर चढता कामा नये आणि एकही टोक उघडं राहता कामा नये. धर इकडून." दोघींनी पट्टी ताणून चिकटवली. ठिगळ लागलं, ट्यूब आत गेली, टायर बसला, हवा भरली. ठिणगीचे हात चालत होते. नजर मात्र सारखी दाराकडे जात होती.

"अगं, चेहरा का पडलाय? आता नाही बसणार तुझं चाक."

जिन्यात धडधड झाली. "ठिणगे, निघालो मी! शुभेच्छा दे, नाहीतर शिव्या दे, पण मोठ्याने दे!"

मग बाहेर एकदम शांत झालं. भोंगा गप्प झाला की घरात सगळ्यांनाच काळजी वाटायची. तो सायकल ढकलत दारात आला. पुढचा टायर जमिनीला चिकटला होता.

"आई, आता ठिगळ लावत बसलो तर पोचायचाच नाही गं मी." त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

मावशीने वाकून टायरच्या खाचेतला खिळा उपसला आणि वाटीतल्या आपल्या खिळ्यांशेजारी ठेवला. त्यांच्यात तो वेगळा ओळखू येईना.

"हे मात्र बाहेरून आलंय," ती म्हणाली. कुणाकडेही न पाहता.

भोंग्याने खिळ्याकडे पाहिलं, मग ठिणगीकडे. "तू?"

दोघांच्या सायकली एकाच मापाच्या होत्या. ठिणगीने पाना उचलला, त्याच्या सायकलसमोर बसून हवा गेलेलं चाक सोडवलं आणि त्या जागी आपलं चाक सरकवलं.

"हो," ती म्हणाली, आणि नट आवळू लागली.