पांढऱ्या हाइकमधला उजवा डोळा

"ती तू नव्हेसच," रहमूना म्हणाली. "तुझ्यात कुठलं एवढं धाडस? भाकरीची परात भट्टीवर न्यायची तरी तुला सोबत लागायची."

झुलेखानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती नसीराला म्हणाली, "पोरी, हिचं जळतंय. तू आपलं लिहून घे."

संग्रहालयाच्या दालनात तीसेक बायका भिंतींना टेकून बसल्या होत्या. अल्जीरियातल्या तिलमसानच्या बायकांनी या शहरासाठी काय काय केलं, त्याचं हे प्रदर्शन दुपारच्या नमाजानंतर उघडायचं होतं. सुईणींच्या पेट्या, पाणपोया बांधून वक्फ करणाऱ्या विधवांचे कागद, झोपाळ्यावरची गाणी रचणाऱ्यांची नावं, हे सगळं नसीरानं तीन वर्षं दारोदार हिंडून जमवलं होतं. नावावाचून राहिला होता एकच फोटो, आणि नेमका तोच दर्शनी भिंतीवर होता.

फ्रेंचांविरुद्धच्या लढाईतला. अरुंद गल्ली, समोरून येणारी, पांढऱ्या हाइकमध्ये नखशिखांत गुंडाळलेली बाई, आणि इथल्या रीतीप्रमाणे एकच डोळा उघडा. उजवा हात लांब केलेला, बोट ताठ. महिन्यापूर्वी तो टपालानं आला होता, पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मागं शाईनं तारीख आणि गल्लीचं नाव. डावी कड कुणीतरी कात्रीनं कापलेली, तीही वेडीवाकडी. नसीराला हळहळ वाटली होती, पण बाई पुरी होती. खाली तिनं पाटी लावली: ‘लढवय्यांना वाट दाखवणारी अनामिका’.

नगरपालिकेनं कळवलं होतं की नाव नक्की झालं तर गल्लीला तेच देऊ. आठ दिवसांत झुलेखा येऊन म्हणाली, ती मी. दुसऱ्या दिवशी रहमूना येऊन म्हणाली, ती ही नव्हे. वर तिनं अट घातली, की निवाडा बंद खोलीत नको, सगळ्या बायकांसमोर व्हायला हवा.

"मग ती तुम्ही होता का, लल्ला?" नसीरानं तेव्हा अदबीनं विचारलं होतं.

"असं मी कुठं म्हटलं?"

नसीराला वाटलं, मानी बाई आहे, आपल्या तोंडानं सांगायची नाही. रहमूना त्याच गल्लीत, पितळी पंजाच्या कडीच्या घरात जन्मापासून राहत होती. लग्न केलं नव्हतं. तिचा भाऊ अब्देलकरीम मौलूदला, प्रेषिताच्या जन्मदिवशी, त्याची स्तुतिपदं अशी गायचा, की वाटेनं जाणारा पाण्याची घागर खाली ठेवून उभा राहायचा. लढाईत तो गेला. तेव्हापासून त्या घरातून कुणी सूर ऐकला नव्हता. ऐकू यायची ती रहमूनाची जीभ.

"डोक्यापासून पायापर्यंत कापडच कापड," ती आता म्हणत होती. "आत बाई आहे की बकरी, सांगणार कोण? माझी आई असेल. या नसीराची आजी असेल."

बायका हसल्या. झुलेखा पुढं सरकली.

"पुरावा हवा ना तुला? नसीरा, तिचा कुठला डोळा उघडा आहे?"

"उजवा."

"आणि आपल्यात कुठला उघडा ठेवतात?"

कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं बसल्या जागी नसलेल्या कापडाची कड उजव्या मुठीत धरून तोंडावर ओढली. "डावा," ती म्हणाली. "सगळ्याजणी डावाच."

झुलेखानं काळा चष्मा काढला. तिचं डावं बुबुळ दुधासारखं पांढरं होतं. "देवी आल्या तेव्हा मी चार वर्षांची होते. या डोळ्यानं मला ऊनसुद्धा दिसत नाही. उजवा उघडा ठेवून चालणारी या शहरात मी एकटी. पोरं चिडवायची. तू पण चिडवायचीस, रहमूना."

"चिडवायचे."

"मग आता बोल ना."

"डोळा तुझा असेल. बोट कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझंच. कुठल्या दारात शिरायचं ते दाखवत होते."

"त्या दिवशी? त्याच गल्लीत?"

"फोटोच्या मागं लिहिलंय ना. वाचता येत नसेल तर वाचून घे कुणाकडून."

"कुराणावर हात ठेवून सांग."

नसीरा अवघडून म्हणाली, "लल्ला रहमूना, एवढं ताणू नका. पुरे झालं."

"आण गं," झुलेखा म्हणाली. "हिच्या तोंडाला कुलूप तरी लागेल."

कुराण आलं. झुलेखानं हात ठेवला आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ती बाई मी. ते बोट माझं. अल्ला साक्षीला आहे."

नसीरानं जुनी पाटी काढली आणि नव्या पाटीवर काळ्या शाईनं झुलेखाचं पूर्ण नाव लिहिलं. बायकांनी जिभा हलवून लग्नातल्यासारखा लांब, आनंदाचा कल्लोळ केला. कुणीतरी तिच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. रहमूना कल्लोळ सरेपर्यंत थांबली.

"लल्ला, आता तरी मन मोठं करा," नसीरा तिला म्हणाली.

"शाई वाळली का?"

"वाळली."

रहमूना काठी टेकत उठली, फोटोपाशी गेली. छातीशी खोचलेला रुमाल काढून तिनं उलगडला. आत चार बोटं रुंदीची फोटोची पट्टी होती. ती तिनं काचेवर, डाव्या कडेला लावली. वेडीवाकडी कड वेड्यावाकड्या कडेत नीट बसली.

झुलेखाचा हात अजून कुराणावरच होता.

ताठ बोटाच्या टोकाला आता पितळी पंजाच्या कडीचं दार होतं. दारात चार फ्रेंच शिपाई होते, आणि त्यांच्या मधोमध, हात मागं बांधलेला, अब्देलकरीम.